सुतकातली वेबसाइट

पहिली ऑर्डर रद्द झाली ती डोंबिवलीहून. उल्काने ईमेल दोनदा वाचला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, अप्पा कुठे आहेत?"

"मागे. पेट्यांना खिळे मारतायत. का?"

"ते गेले म्हणून लिहिलंय."

राजाभाऊंनी वाकून पडद्याकडे पाहिलं. 'दुःखद बातमी आपल्या वेबसाइटवरून समजली. अक्षय्य तृतीयेला देवापुढे आंबा ठेवायचा असल्याने सुतकातल्या घरचा घेता येत नाही. आमच्या दोन पेट्या कृपया रद्द कराव्यात.'

मागून ठोकाठोकीचा आवाज येत होता.

जुनी वेबसाइट राजाभाऊंच्या मेहुण्याने २००१ साली करून दिली होती. तिच्यावर मधोमध हातात आंबा घेतलेले अप्पा होते आणि त्यांच्या पोटावरून 'अस्सल रत्नागिरी हापूस' ही अक्षरं सरकत जायची. यंदा ऑनलाइन दुकान काढायचं म्हणून पुण्याच्या तेजलकडून नवी करून घेतली. पांढरी, स्वच्छ, बारीक अक्षरांची. अप्पांना तिने वेगळं पान दिलं होतं. कृष्णधवल फोटो, भोवती काळी चौकट, वरून आंब्याच्या पानांची माळ आणि खाली 'आमचे प्रेरणास्थान'. ते पाहताना उल्काला काहीतरी खटकलं होतं. काय, ते आत्ता कळलं.

संध्याकाळपर्यंत निम्म्या ऑर्डरी गेल्या. फळ मात्र सणाच्या बेताने आठवड्यापूर्वीच आढीत घातलेलं होतं. गवताखाली ते ठरल्याप्रमाणे पिवळं होत होतं, आणि ते थांबवायची काही सोय नव्हती.

ठाण्याहून फोन आला तो अप्पांनीच घेतला. "भिकाजीच बोलतोय," ते म्हणाले आणि थोड्या वेळाने त्यांनी फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?" राजाभाऊंनी विचारलं.

"अशा वेळी थट्टा शोभत नाही म्हणाला. संस्कार काढले माझे."

राजाभाऊंनी तेजलला फोन लावला. "ती चौकट काढ आधी."

"नाही आवडली का लोकांना? गोल करू, काका?"

चौकट निघाली. वर राजाभाऊंनी पहिल्याच पानावर सूचना टाकायला लावली : 'आमचे संस्थापक हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे.' ज्यांनी अप्पांचं पान उघडलंच नव्हतं त्यांनाही आता काळजी लागली. अटॅक होता का, कुठल्या इस्पितळात ठेवलं होतं, अशी विचारणा सुरू झाली. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं, 'घरात एवढं आजारपण असताना आंब्यांकडे कोण बघतंय? यंदा राहू द्या.'

दुसऱ्या दिवशी संगमेश्वरहून अप्पांची चुलतबहीण सोनूबाई एस्टीने आली. मुंबईच्या मुलाने तिला कळवलं होतं. पदर डोळ्याला लावून ती घरापुढच्या खळ्यात शिरली, तर समोर अप्पा पेज जेवत बसलेले.

"काय रे भिकू," ती पदर खाली घेत म्हणाली, "निदान फोन तरी करायचास, आहेस म्हणून."

"रोज करू काय?"

"दोन गाड्या बदलून आले मी. वाटेत रडले पण."

"बस. पेज घे."

"सुतक नाही ना? मग घेते."

शेवटी उल्कानेच उपाय काढला. अप्पांच्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं, तारीख दिसेल असं धरायला लावलं आणि फोटो काढून पहिल्या पानावर टाकला. फोटोत अप्पा कोणीतरी पळवून नेल्यासारखे दिसत होते, पण पुरावा पक्का होता. लोकांची खात्री पटली.

खात्री पटल्यावर तक्रारी सुरू झाल्या. चारच दिवसांपूर्वी 'असा सचोटीचा माणूस पुन्हा होणे नाही' असं लिहिणारे बोरिवलीचे गृहस्थ आता विचारत होते, 'आपण आहात हे वाचून आनंद झाला. तर मग गेल्या वर्षी पेटीच्या खालच्या थरात बारकी फळं कोणी लावली होती?' ठाणेकरांना दोन फळांत साका, म्हणजे आत पांढरट कडक गर, निघाला होता. दुःखात बोलणं बरं दिसत नव्हतं म्हणून ते गप्प होते.

अप्पांनी सगळं उल्काकडून वाचून घेतलं. आधी शोकसंदेश, मग तक्रारी. मधेच एकदा त्यांनी बोरिवलीचा पहिला ईमेल पुन्हा वाचायला सांगितला.

ऑर्डरी काही परत आल्या नाहीत. सण होऊन गेला, आणि आढीतला आंबा रस काढून डब्यांत भरायला द्यावा लागला. घरभर गोड, जड वास होता. अप्पा ओटीवर बसून मोकळ्या पेट्या एकात एक रचत होते.

"राजा," ते म्हणाले, "मी खरंच जाईन ना, तेव्हा मोसम चालू असला तर कोणाला कळवू नका. जून लागू दे."

उल्काने नवऱ्याकडे पाहिलं. असं काय बोलता अप्पा, एवढं तरी ते म्हणतील म्हणून ती थांबली.

राजाभाऊंनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "कोकमाच्या ऑर्डरी जूनअखेरपर्यंत असतात."

"बरं, मग जुलै," अप्पा म्हणाले.