कुसुम सिस्टरांचा पेशंट

कळंबच्या आमच्या गल्लीत राहणाऱ्या कुसुम सिस्टर रोज सकाळी चहाच्या आधी परसातल्या खताच्या ढिगात हात खुपसायच्या, डोळे मिटायच्या आणि जाहीर करायच्या, "ताप हाये अजून."

सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या, पण पेशंटची सवय सुटली नाही. तेव्हाचा पेशंट म्हणजे पोल्ट्रीतून आणलेलं कोंबडीखत. त्याला त्या पाणी पाजायच्या, कूस बदलून द्यायच्या, वरून बारदाना पांघरवायच्या.

"टाका ना आता मेथीच्या वाफ्यात," मी एकदा म्हटलं. तापलेल्या लेकराला शाळेत धाडायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कच्चं खत गरम असते, भाऊ. मुळं जयतीन बिचारीचे. पहिले निवू द्या त्याले."

पण तोवर वासानं गल्ली हैराण. त्यात समोरच्या भीमरावांची प्रणाली बाळंतपणाला माहेरी यायची होती. ते फाटकाशी येऊन कडाडले, "सिस्टर, ढीग हलवा! पोरगी येऊन राह्यली माही."

"ढीग नाही हलत. वास हलवते," सिस्टर म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. सोयाबीनचं कोरडं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, आणून ढिगात कालवलं, फावड्यानं वरचं खाली केलं, वरून कुटाराचाच जाड थर दिला. पुढेही अधूनमधून तेच. प्रणाली आली तेव्हा वास पार मेला होता. भीमराव फाटकाशी येऊन नाक वर करून पाहायचे आणि तक्रार न सापडल्यानं हिरमुसून परत जायचे.

यथावकाश ढीग निवला, काळाभोर, भुसभुशीत झाला आणि वाफ्यात गेला. मेथी अशी काही तरारली की येणारेजाणारे थांबून बघायचे. तेवढ्यात प्रणालीला मुलगा झाला. ती दवाखान्यातून घरी आल्यावर सिस्टरांनी कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, पहिली जुडी घेतली आणि मला सोबत घेऊन समोर गेल्या. मेथी देऊन लगेच निघायचा त्यांचा विचार होता.

प्रणाली म्हणाली, "सिस्टरबाई, याले घेता का जरा? मी आंघोळ करून येतो." आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवून ती आत गेली.

सिस्टरांनी बाळाच्या मानेखाली हात सरकवला. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, जनमभर माह्या हातानं लेकरं दुसऱ्याच्या मांडीवर देल्ले. हे प्रणालीबी त्यातलीच. माह्या मांडीवर कोणी ठेवून गेलं नोतं."

प्रणाली आंघोळ करून आली, भीमरावांनी चहा आणला. सिस्टरांनी खुणेनंच सगळ्यांना गप्प केलं. बाळ झोपलं होतं.