रिकाम्या जागेसकट

कोरी फ्लॉपी कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे धकातेभाऊ.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला आणि टायपिस्ट धकातेभाऊ पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन त्याचे पुजारी झाले. मेच्या उन्हात कॉम्प्युटरला एसी, आम्हाला पंखा. मोठ्या साहेबांनाही चपला बाहेर काढायला लागत.

प्रत्येक फ्लॉपीच्या ते तीन प्रती करत. एक कचेरीच्या कपाटात, एक घरी, एक उमरेडला भावाकडे. स्वतःचे चष्मे तीन, छत्र्या तीन. मुलीच्या लग्नात भटजीही दोन बोलावले होते, त्यातला एक राखीव.

फ्लॉपीत दोनच फायली असल्या तरी ते अख्खी चकती पहिल्या घेरापासून शेवटच्यापर्यंत उतरवत. यंत्र कर्रकर्र करत राही आणि माझं काम खोळंबे. फायली तेवढ्या घ्या ना, असं मी चिडून म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"रिकामं बी त्यातलंच आहे गा."

एकदा साहेबांनी घाईने एक केस मागितली. माझ्या टेबलावर आलेली वस्तू पंच करून फायलीला लावायची, ही माझी पंधरा वर्षांची सवय. त्या दिवशी कागदांसोबत एक काळी, लवचिक फ्लॉपीही पंच झाली. दोन भोकं, त्यातून दोरी, वरती 'बाबा' असं लेबल.

भाऊंनी दोरी सोडवून फ्लॉपी हातात घेतली. घरच्या प्रतीला बुरशी लागली म्हणून नवी काढायला त्यांनी ही कपाटातली प्रत बाहेर ठेवली होती, तीही माझ्या टेबलावर. आता उरली फक्त उमरेडची.

शनिवारी ते उमरेडच्या बसने गेले, सोमवारी फ्लॉपी घेऊन आले. यंत्र कर्रकर्र करू लागलं तेव्हा मी मनातल्या मनात टेकडीच्या गणपतीला नवस बोलून टाकला. फ्लॉपी उघडली.

पडद्यावर ओळीने टाइप केलेल्या चांदण्या आणि मोकळ्या जागा. भाऊंचे बाबा उमरेडचे विणकर. माग बंद झाला, मग डोळे गेले, तेव्हा दर शनिवारी ते लुगड्यांच्या किनारी तोंडी सांगत आणि भाऊ लिहून घेत. चांदणी म्हणजे उचललेला धागा, मोकळी जागा म्हणजे सोडलेला. शेवटच्या किनारीत मात्र अर्ध्यावरून पुढे सगळंच कोरं होतं.

"इथून पुढचं बाबाले आठवलं नाही. पुढच्या शनिवारी सांगतो म्हणले."

त्या शनिवारच्या आधीच बाबा गेले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस जे करतो तेच मी केलं, सल्ला दिला. म्हटलं, भाऊ, तुम्ही विणकराच्या घरचे, उरलेली किनार तुम्हीच पुरी करा.

"करता येते मले," ते म्हणाले. "पण मंग ते माहं होईन."

मी मुकाट्याने कोऱ्या फ्लॉप्या पुढे केल्या. रिकाम्या जागेसकट तीन प्रती निघाल्या. त्या दिवशी मला अजिबात घाई नव्हती. मग मी चौथी मागितली, माझ्या घरी ठेवायला.

भाऊंनी तीही उतरवली. रुमालाने डोळे पुसले, त्याच रुमालाने चष्मा पुसला आणि फ्लॉपी माझ्या हातात देत विचारलं, "घरी पंच नाही ना गा?"