पुलाबद्दल धन्यवाद

ऑरिन टेस्केने दोन खांब गाडायला काँक्रीटची पाच पोती ओतली, तेव्हाच त्याची बायको आर्लीन म्हणाली होती, "फलक लावतोयस की धरण बांधतोयस?"

"उपकाराची आठवण आहे ती. वाऱ्याने पडता कामा नये."

ऑरिनचं काही चुकत नव्हतं. नदीवरचा जुना पूल इतका खिळखिळा होता, की स्कूलबस चालवताना बावीस वर्षं त्याने तो श्वास रोखून ओलांडला होता. खासदार मार्टिन लुंडग्रेन यांनी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालून नवा पूल मंजूर करून आणला. राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे, म्हणून काम झालं. ऑरिन त्या पक्षाचा वॉर्डातला जुना कार्यकर्ता. चाळीस वर्षांत वॉर्ड हातचा गेला नव्हता, आणि राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर, नोव्हेंबरात येणाऱ्या निवडणुकीतही राखून दाखवीन, असा शब्द त्याने लुंडग्रेनना दिला होता. म्हणून पुलाच्या तोंडाशी, स्वतःच्या जमिनीत, त्याने त्यांचा हसरा चेहरा उभा केला. खाली ओळ होती: 'तुमचा नवा पूल. आभार कसले!'

पण नवा पूल बांधायचा तर जुना पाडावा लागतो. एप्रिलमध्ये रस्ता बंद झाला आणि पलीकडे जायला अठरा मैलांचा वळसा सुरू झाला. सवयीने पुलापर्यंत आलेला माणूस फलकासमोर करकचून ब्रेक दाबायचा, तो हसरा चेहरा बघायचा आणि दातओठ खात गाडी वळवायचा. जूनमध्ये रस्तेवाल्यांना वळशाचा पिवळा बाण ठोकायला भक्कम जागा हवी होती. ऑरिनच्या खांबांइतकं भक्कम आसपास काहीच नव्हतं.

सप्टेंबरपर्यंत गावात वळशाचं नावच 'लुंडग्रेन' पडलं.

"उशीर का झाला रे?"

"लुंडग्रेन मारून आलो."

ऑरिनने फलक उपटायला ट्रॅक्टर लावला. साखळी तुटली. मग त्याने ताडपत्री टाकली. वारा सुटला, ताडपत्री फाटली, आणि नेमके दात तेवढे उघडे राहिले.

नोव्हेंबरमध्ये वॉर्ड गेला, आणि लुंडग्रेनही हरले. टीव्हीवरचे पंडित महागाईचे आलेख काढत होते.

"एकोणीस मतांनी गेला," ऑरिन म्हणाला. "कोण असतील हे घरभेदी?"

आर्लीन बटाटे सोलत होती. "अठरांचं मला माहीत नाही."

ऑरिन बघतच राहिला.

"बघतोस काय? लेक पलीकडे, नातीला दात येतायत, आणि ओव्हनमधून काढलेलं माझं हॉटडिश सात महिने गार होऊन पोचतंय. राष्ट्राध्यक्षांना कुठे गाठू मी? जवळचा चेहरा तो एकच होता. तूच लावलेला."

फेब्रुवारीत पूल उघडला. फीत नव्या खासदारबाईंनी कापली आणि टाळ्याही त्यांनाच पडल्या. लुंडग्रेन गर्दीच्या मागे, टोपी कानांवर ओढून उभे होते. ऑरिन मान खाली घालून त्यांच्यापाशी गेला.

"मी शब्द पाळला नाही. आणि तो फलक..."

"पूल उभा आहे ना? मग झालं तर," लुंडग्रेन म्हणाले.

"गाडीत बसा," आर्लीन गाडीच्या खिडकीतून, मांडीवरचं भांडं सांभाळत म्हणाली. "लेकीकडे जेवायला चला."

चार मिनिटांत ते पलीकडे, लेकीच्या घरी होते. आर्लीनने झाकण काढलं, तेव्हा वाफेने सगळ्यांचे चष्मे धुरकटले. तिचे डोळे भरून आले. "मार्टिन, फार उपकार झाले हो तुमचे. आज निवडणूक असती, तर डोळे मिटून तुम्हालाच मत दिलं असतं."

"पोचलं मला," लुंडग्रेन म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. त्या गरम घासापाशी ऑरिनच्या मनावरचं नोव्हेंबरपासूनचं ओझं उतरलं. मत गेलं तरी माणूस गेला नव्हता, याबद्दल त्याने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

परत येताना फलकापाशी विरोधी पक्षाची कार्यकर्ती डोरीन वाट बघत उभी होती. "ऑरिन, आमच्या बाई मेन स्ट्रीटखाली नवी पाइपलाइन आणतायत. एप्रिलपासून अख्खा रस्ता खोदणार. आभाराचा फलक लावायचाय. तुझे खांब मिळतील?"

ऑरिनने लुंडग्रेनकडे पाहिलं. लुंडग्रेन नदी न्याहाळू लागले.

"खुशाल घे की," ऑरिन प्रेमाने म्हणाला. "फक्त बाईंचा फोटो हसराच लाव."