जम्बोचं घराणं

बाबालालचाचा इंग्रजी शब्दाची चौकशी केल्याशिवाय त्याची पाटी रंगवत नाहीत. सोयरीक ठरवावी तशी चौकशी. "गाव कुठलं ह्येचं? घराणं?"

मंगळवार पेठेत आमच्या घराखालीच त्यांचं दुकान. इंग्रजी शब्द आला की ते रस्त्यातूनच ओरडतात, "इंग्लिश पोरी, खाली ये! पावणं आल्यात!" मी इंग्रजी शाळेत शिकले, एवढाच माझा गुन्हा. सगळी पेठ वर बघते. मी मान खाली घालून जिना उतरते.

एकदा 'रॉयल' सलूनची पाटी दोन दिवस अडली. शब्द फ्रान्सकडून आलाय हे गिऱ्हाइकानं लपवलं, असं चाचांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात संज्या आला. त्याच्या नव्या गाडीचं नाव 'जम्बो वडापाव', दुसऱ्या दिवशी उद्घाटन. पंधरा दिवसांत चाचांकडे आलेलं हे एकच काम.

"चारपतोर पाटी पायजे चाचा. न्हायतर फ्लेक्स मारून आणतो. तिथं कोण घराणं इचारत न्हाय."

मी फोनवर वाचून सांगितलं. जम्बो हे एका हत्तीचं नाव. आफ्रिकेत पिल्लू असताना पकडला, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वाढला. इतका प्रचंड झाला की लोक कुठल्याही मोठ्या वस्तूला जम्बो म्हणू लागले. पुढे सर्कशीला विकला, रेल्वेच्या धडकेत मेला.

"आन त्येची आई?"

"पकडतानाच मारली."

चाचांनी ब्रश खाली ठेवला. तीन वाजून गेले.

"चाचा, वडा हाय त्यो! हत्ती न्हाय!" संज्या कळवळला.

चारला पाच मिनिटं असताना पाटी झाली. अक्षरं झकास, टपोरी. फक्त कोपऱ्यात फोन नंबरच्या जागी एक हत्तीण होती आणि तिची शेपटी सोंडेत धरून चाललेलं पिल्लू.

"नंबर कुठाय?"

"पाठीमागं लिवतो."

"पाठीमागं कोण बघतंय? पुसा ते!"

"ती दोगं हितंच ऱ्हाणार. पायजे तर फ्लेक्स कर जा."

संज्यानं खिशातून फोन काढला. चाचा रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत राहिले. मग ओला ब्रश पिल्लाकडं करून, कुणाकडंही न बघता म्हणाले, "अम्मी गेली तवा मी एवढाच हुतो."

संज्यानं फोन परत खिशात घातला. पाटी वाळेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. मीही वर गेले नाही.