अज्ञात गळती

"तीनशे बारा!" नवऱ्याने बॉनेटवर थाप मारली. "एका चार्जिंगमध्ये तीनशे बारा किलोमीटर! तुझं ते ऑफिस एकशे नव्वदवर. गाडी तिथे पोचून विचारेल, बस, एवढंच?"

गाडी काही बोलली नाही. आमच्या घरात मितभाषी अशी ती एकटीच.

ही मुलाखत माझ्यासाठी काय होती, ते आधी सांगते. काम जाहिरातींचा मजकूर लिहायचं, आणि तेही घरबसल्या. पूर्वी मी हेच करून पोट भरत होते. पण पिल्लू झाल्यापासून चौदा महिन्यांत मी लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे औषधाच्या बाटलीवरची 'दिवसातून दोनदा' ही चिठ्ठी! मुलाखत दुपारी साडेबाराला. दुसरी तारीख मिळणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. मला ते काम हवं होतं. तहान लागल्यासारखं हवं होतं.

पिल्लू अजून अंगावर पिणारं, म्हणून ते बरोबर. पिल्लाला सांभाळायला सासूबाई. आणि गाडी चालवायला व तिचं कौतुक करायला नवरा.

गाडी आल्यापासून नवऱ्याने तिची एक वही ठेवली आहे. किती टक्के भरली, किती टक्के खर्चली, सगळं तारीखवार. पिल्लाच्या लसीची तारीख त्याला विचाराल तर तो छताकडे बघेल. पण गाडीच्या चाकांतली हवा चारही चाकांची वेगवेगळी तोंडपाठ! तर आदल्या दिवशी सकाळी त्याने गाडी शंभर टक्के भरली, केबल गुंडाळून डिकीत ठेवली आणि स्वतः बसने ऑफिसला गेला.

निघायच्या दिवशी पहाटे त्याने गाडी चालू केली आणि छातीला हात लावला.

"चौऱ्याऐंशी! काल शंभर होते! सोळा टक्के गेले कुठे?"

"सांडले असतील," सासूबाई मागे बसत म्हणाल्या.

"आई, वीज सांडत नाही!"

"मग उंदराने खाल्ले."

नवऱ्याने दात-ओठ खात वहीत नवा रकाना आखला. 'अज्ञात गळती: १६.' मी पिल्लाचं टोपडं नीट करत होते. जरा जास्तच वेळ करत होते.

"बसने जाऊ या का?" मी हळूच म्हटलं.

"वेडी आहेस का! चौऱ्याऐंशी टक्के म्हणजे दोनशे बासष्ट किलोमीटर. गणित आहे ते!"

गणित पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच नापास झालं. पंचवीस टक्के गायब! नवरा म्हणाला, समोरून वारा आहे. मग म्हणाला, रस्ता चढाचा आहे. रस्ता परातीसारखा सपाट होता. मग त्याची नजर आरशातून मागे गेली.

"आई, तुझ्या पिशवीत काय आहे?"

"तुझ्या लेकराचे कपडे. तुझं वजन किती, ते लिहिलंयस का वहीत?"

मग काटकसर सुरू झाली. आधी एसी बंद. मी खिडकी उघडायला गेले, तर "उघडू नकोस! वारा आत शिरला की गाडीला मागे खेचतो!" मग रेडिओ बंद. मग माझा फोन चार्जिंगवरून काढला. वळताना सिग्नलचा दिवासुद्धा लावेना. म्हणाला, हात दाखवतो! पण हात दाखवायचा तर काच खाली करावी लागणार, म्हणून तेही रद्द. आम्ही ताशी चाळीसच्या वेगाने, भट्टीतल्या पावांसारखे फुगत चाललो होतो. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. त्यामागून एक सायकलवाले आजोबा आले, बराच वेळ बरोबरीने चालले, आत डोकावून त्यांनी "बरं आहे ना सगळं?" असं खुणेने विचारलं आणि पुढे निघून गेले!

"मी उतरून चालू का?" सासूबाई म्हणाल्या. "तुमचं वजनही कमी होईल आणि मी आधी पोचून जागा धरेन."

इतक्यात पिल्लाने सूर लावला. आमच्या पिल्लाला अंगाई चालत नाही, एसीची घरघर लागते. घरघर थांबली की झोप मोडते. झोप मोडली, रडून रडून ठसका लागला आणि पोटातलं सगळं दूध माझ्या निळ्या शर्टावर आलं. मुलाखतीच्या शर्टावर!

वाटेत चार्जिंगचं एकच ठिकाण होतं. यंत्र चालू होतं, पण त्याला एक भलीमोठी पांढरी गाडी लटकलेली. काचेवर कागद: 'जेवायला गेलो आहे. फोन करू नये.' सकाळचे दहा वाजले होते!

आम्ही पुढे निघालो. सव्वीस किलोमीटर उरले असताना पडद्यावर दोन टक्के उरले आणि नवऱ्याने गाडी हळूच रस्त्याकडेच्या एका इस्त्रीच्या दुकानापुढे लावली. सव्वाअकरा झाले होते.

दुकानात कपड्यांच्या ढिगामागे एक मावशी इस्त्री करत होत्या. नवऱ्याने हात जोडून सगळी कर्मकहाणी सांगितली.

"तासभर लावली तर किती जाईल?" मावशींनी विचारलं.

"वीस किलोमीटर."

"आणि जायचंय सव्वीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शर्टाकडे पाहिलं. "आणि ही अशी जाणार मुलाखतीला? हे बघा, जाड प्लग एकच आहे. कुणाला लावू? गाडीला की पोरीला?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग, वाचकहो, त्याने पुन्हा गाडीकडे पाहिलं!

"अरे, लग्न कुणाशी लावलंयस?" सासूबाई कडाडल्या.

इस्त्रीचा प्लग जागेवरच राहिला. मावशींनी शर्ट धुतला, पिळला, इस्त्रीनेच वाळवला. तेवढ्यात मी त्यांची शाल गुंडाळून पिल्लाला पोटभर पाजलं. मग मावशींनी स्कूटर काढली.

"पेट्रोलची आहे. वास मारते, पण पोचते. आजी, दुकान बघाल?"

सासूबाईंनी कंबर कसली. नवरा पिल्लाला खांद्यावर आणि गाडीची केबल हातात घेऊन उभा राहिला. दोघांचे चेहरे सारखेच रडवेले.

मी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्या टेबलासमोर बसले. तिथल्या बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "कुठल्याही वस्तूची जाहिरात लिहा. वाचणाऱ्याचा विश्वास बसला पाहिजे."

मी लिहिलं: 'आमची गाडी एकदा चार्ज केली की जमेल तेवढी जाते. पुढे मावशींची स्कूटर आहे.'

बाई हसल्या, मग शेजारचे साहेब हसले. काम मिळालं!

परत आले तेव्हा सासूबाईंनी अकरा शर्टांना इस्त्री केली होती आणि एका पँटीला जन्माची आठवण दिली होती. मग कुठे प्लग गाडीला मिळाला होता आणि नवरा वहीत लिहीत होता: 'समोरून वारा.'

आता त्या सोळा टक्क्यांविषयी. पिल्लू दुपारी फक्त उभ्या गाडीत, एसीच्या घरघरीत झोपतं. आदल्या दुपारी ते सव्वातीन तास झोपलं. माझं डावं बोट त्याच्या मुठीत, उजव्या हातात पेन, मांडीवर माझ्या जुन्या जाहिरातींची कात्रणं. चौदा महिन्यांत इतका सलग वेळ मला मिळाला नव्हता! सोळा टक्के म्हणजे बत्तीस किलोमीटर. आम्ही सव्वीसने कमी पडलो.

हिशेब तुम्हीच करा. माझ्याच्याने होत नाही.

नव्या कामाचा सगळा मजकूर मी इथेच, उभ्या गाडीत लिहिते. हेही इथेच लिहितेय. नवऱ्याच्या वहीत आता 'अज्ञात गळती'चा रकाना सर्वांत लांब झालाय, आणि उद्या कंपनीचा इंजिनिअर गाडी तपासायला येणार आहे. आज कबूल करायचंच, असं ठरवून बसले होते, तेवढ्यात सासूबाईंनी काचेवर टकटक केली आणि एक उशी आत सरकवली.

"पाठ अवघडत असेल," त्या कुजबुजल्या. "आणि इंजिनिअरची काळजी करू नकोस. मी फोनवर सांगितलंय त्याला, उंदीर आहे. पण पाळलेला आहे."

पडद्यावर आत्ता एकसष्ट आहे. पिल्लू हलायला लागलंय. पंचावन्नपर्यंत झोपलं, तर शेवट जरा नीट करेन.