घाण्याच्या बैलाची मोटार

"रविवारी मामांना आणायला टांगा लागायचा नाही," कमलाकरनं भाकरीचा तुकडा मोडत बायकोला ऐकवलं. "आपली मोटार जाईल स्टेशनावर!"

"जागची हलली तर," दुर्गा म्हणाली आणि तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

मोटार मोठी ऐटबाज. दोन माणसांची, उघडी, पितळी दिव्यांची. गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला जाताना ती बाळीवेशीतल्या गुरुबसप्पा तेल्याच्या खोपटात ठेवून गेला होता. "परत नाही आलो तर तुझी," असं म्हणाला, आणि खरंच आला नाही. मग वर्षानुवर्षं तिच्यावर पेंडीची पोती चढली आणि गादीत उंदरांच्या पिढ्या नांदल्या. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या कमलाकरनं तेल घ्यायला गेला असताना ती पाहिली, आणि स्वतःची सायकल गुरुबसप्पाला देऊन तो मोटारीचा मालक झाला. चालती सायकल देऊन बसकी मोटार घेणारा माणूस सोलापुरात दुसरा नसेल.

पण त्यामागं एक सल होता. गेल्या दिवाळीत मामा, म्हणजे सासरे रामहरी पाटील, जेऊरच्या घरी भरल्या पंगतीत बोलून गेले होते, "जावई सोन्यासारखा हाय, पन त्याच्या हातनं कायबी व्हत न्हाय." कमलाकरला ते लागलं. दुर्गाला त्याहून लागलं. तेव्हापासून माहेरचा विषय निघाला की ती गप्प व्हायची, आणि तिचं ते गप्प बसणं त्याला सोसवत नव्हतं.

त्यानं मोटार घासली, पुसली, पेट्रोल ओतलं, हँडल मारमारून खांदे दुखवून घेतले. इंजिन हूं की चूं करीना. रविवार उजाडला तेव्हा स्टेशनाचा नाद सोडून निदान मामा येतील तेव्हा मोटार दारात तरी असावी, एवढ्यावर तो आला.

"ओढून न्या की मास्तर," गुरुबसप्पा म्हणाला. "माझा सर्ज्या हाय की. लई गरीब बैल."

सर्ज्या गरीब होता हे खरं. पण त्यानं जन्मभर फक्त घाणा ओढला होता, याचा विचार दोघांपैकी एकानंही केला नाही.

डोळ्यांवर झापड नसली तर तो पाऊल उचलीना, म्हणून झापड बांधली. गुरुबसप्पानं कासरा धरला, कमलाकर टोपी घालून मोटारीत बसला आणि वरात वडाच्या पारापर्यंत झोकात आली. तिथं गुरुबसप्पानं तंबाखू मळायला कासरा सोडला. सर्ज्या शांतपणे वळला आणि मोटारीसकट पाराला फेऱ्या घालू लागला. गुरुबसप्पानं मराठीतून विनवलं, कानडीतून शिव्या दिल्या, पण तेल निघेपर्यंत थांबायचं नाही ही सर्ज्याची शिस्त.

"मास्तर," पारावरून कुणी म्हणालं, "वडाला फेऱ्या घालायचा मान बायकांचा असतो की!"

तेवढ्यात स्टेशनाकडून टांगा आला आणि त्यातून रामहरी पाटील उतरले. कमलाकरला वाटलं, पारंबी धरून वर निघून जावं.

"या मामा," तो चालत्या मोटारीतून म्हणाला, आणि पुढच्या फेरीला त्यानं नमस्कार केला.

पाटलांनी क्षणभर पाहिलं. मग पुढं होऊन सर्ज्याची झापड उपटली आणि शेपूट पिरगाळली. असला अपमान सर्ज्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. समोर घरचा रस्ता दिसला तसा तो नाकासमोर उधळला. घाबरलेल्या कमलाकरनं हाताला येईल तो दांडा ओढला. मोटारीनं आचका दिला, मागून धूर आणि एक उंदीर बाहेर पडला, आणि इंजिन फटफट करत सुरू झालं! त्या आवाजानं सर्ज्या आणखी पळाला. मोटार घरी निघाली होती ती पुन्हा खोपटात येऊन थांबली.

मागून पाटील धापा टाकत आले, फेटा काखेत. त्यांनी गरम पत्र्यावर हात ठेवला.

"जित्ती हाय की," ते लहान मुलासारखं हसत म्हणाले. "इंजान हाय म्हंजी माज्या हातचंच काम. हिरीवरचं मीच दुरुस्त करतो. आता हिला चालती केल्याबिगर जेऊरला जानार न्हाय."

त्या दिवशी दुर्गा वडिलांशी पोटभर बोलली. कमलाकरला आभाळ ठेंगणं झालं.

सकाळी गुरुबसप्पा दारात उभा.

"मास्तर, सर्ज्या फिरत न्हाई की. जुंपला की सरळ भिंतीवर जातोय. तुमीच बिघडवला, आता तुमीच ओढा."

तेव्हापासून शाळा सुटली की कमलाकर घाण्याला. पलीकडं मोटारीखालून पाटलांचे पाय दिसायचे, आणि नव्या गादीवर बसून दुर्गा दसऱ्याला जेऊरला मोटारीतून जायचे बेत करायची. एका संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा न ओढता सुरू झालं. पाटील हात पुसत बाहेर आले, घाण्याकडं बघितलं आणि तेल घ्यायला आलेल्या साऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माजं. जावयाच्या हातनं कायतरी व्हतंय की!"

कमलाकरनं मान लववली. पुढच्या फेरीला.