केळीच्या पानातील भेदभाव प्रकरण

महामायाने चार वर्षं अर्धापुरी केळीची पानं कुटून एक गोष्ट सिद्ध केली. मातीतला नत्र दोन प्रकारचा असतो, एक हलका, दुसरा किंचित जड. पान खतातलं नायट्रेट पचवतं, तेव्हा त्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, हलक्याला आधी घेतं आणि जड मागे राहतो. फरक हजारात पंधराचा. शास्त्रात याला समस्थानिक भेदभाव म्हणतात. प्रबंधाला तिनं तेच शीर्षक दिलं आणि तो नांदेडजवळच्या आपल्या कृषी महाविद्यालयात सहीसाठी ठेवला.

मुख्य लिपिक व्यंकटरावांनी शीर्षकाखाली लाल रेघ ओढली.

"मॅडम, भेदभाव? आपल्या संस्थेत?"

"संस्थेत न्हाई हो, पानात."

"पान कुठलं?"

"आपल्याच प्रक्षेत्रावरलं, कॉलेजच्या शेतातलं."

"मग संस्थेतच झालं की!"

प्राचार्य दयानंदरावांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली. तक्रारदार कुणीच नसल्याने महामायाला तक्रारदार करण्यात आलं. केळीला पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागवणारी नोटीस बुंध्याला डकवली गेली. केळीने मुदतीत खुलासा न दिल्याने चौकशी एकतर्फी चालवण्याचं ठरलं.

समिती प्रक्षेत्रावर आली. साक्षीला केवळाबाई होत्या, बागेला पाणी देणाऱ्या.

"दोन्ही नत्रांना पाणी सारखंच देता ना?" दयानंदरावांनी विचारलं.

"पानी झाडाला देते साहेब. नत्राला कोन पाजतंय?"

'पाण्याबाबत भेदभाव आढळला नाही,' अशी नोंद झाली. सदस्यांनी एकेक केळं सोललं.

आठवड्यात निष्कर्ष तयार झाला. महामायाला बोलावून तो वाचून दाखवण्यात आला. हजारात पंधरा म्हणजे दीड टक्का, म्हणजे जवळपास शून्य. शिवाय, 'जड नत्र गुणवत्तेअभावी मागे राहिला असावा. त्यात विकराचा दोष नाही.'

"सर, गुण दोघांचे तेच हायत," महामाया म्हणाली. "वजनात फक्त एका न्यूट्रॉनचा फरक."

"मग त्यानं जरा जुळवून घ्यावं की! सगळं विकरानंच करायचं का?" दयानंदराव वडीलकीनं हसले. "भेदभाव काढून समरसता लिव्हा. तक्त्यात शून्य टाका. लगेच सही करतो. पुढच्या आठवड्यात इथल्या नोकरीसाठी तुमची मुलाखत हाय, भल्याचंच सांगून राहिलो."

या नोकरीच्या आशेवर महामायाने चार वर्षं काढली होती.

"आकडा बदलणार न्हाई, सर."

मग एका सदस्यानं मायेनं विचारलं, "गाव कुठलं म्हणालात?"

"मुदखेड."

"मुदखेडात कुठं?"

"स्टेशनाजवळ."

"हाव, पण कुठल्या गल्लीत?"

"हे नोंदीत लागतं का?"

"छे छे! सहज आपलं."

महामायाने बिनसहीचा प्रबंध उचलला आणि ती उत्तर न देता बाहेर पडली. मुलाखतीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. महाविद्यालयाला मात्र 'भेदभावमुक्त प्रक्षेत्र' म्हणून ढाल मिळाली.

गल्लीचं नाव इथेही दिलेलं नाही. वाचकहो, तुम्हाला ते लागलंही नसेल. पहिल्या ओळीत तिचं नाव वाचलंत, तेव्हाच तुम्ही तिला घरपोच करून आला होतात.